खाऱ्या जमिनीवरचे गाव : सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशनची पंचाहत्तर वर्षे

सिंधमधून आलेला निर्वासित म्हटला की मराठी माणसाला उल्हासनगर आठवते. कल्याणजवळच्या लष्करी बराकी, एकापासून पाचापर्यंत क्रमांक दिलेले कॅम्प, त्यांतून उभी राहिलेली बाजारपेठ. कोणाला पिंपरीचा कॅम्प आठवतो, कोणाला चेंबूरचा. ही सगळी वस्ती सरकारने दिलेल्या छपराखाली सुरू झाली. पण त्याच सुमारास, त्याच लोकांपैकी काहींनी कच्छच्या खाडीकाठी अगदी वेगळी वाट धरली. त्यांनी एक कंपनी काढली, तिचे शेअर विकले, ओसाड जमीन घेतली आणि तिच्यावर गाव वसवायला घेतले. ते गाव म्हणजे आजचे गांधीधाम आणि त्याचे जुळे भावंड आदिपूर. ज्या कंपनीने ते वसवले, त्या सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशनला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने हा इतिहास.

पार्श्वभूमी : १९४७-४८

फाळणीत पंजाब आणि बंगाल हे प्रांत दुभंगले, सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. या एका गोष्टीवर पुढचे सारे अवलंबून आहे. लाहोर सोडलेल्या माणसाला अमृतसरला आपलीच भाषा ऐकू येत होती. ढाका सोडलेल्याला कलकत्त्यात आपले साहित्य, आपली रंगभूमी, आपली दुर्गापूजा मिळत होती. सिंधी माणसाला सरहद्दीच्या अलीकडे स्वतःचा म्हणावा असा एक तालुकाही उरला नव्हता.

१९४७चा उन्हाळा सिंधमध्ये पंजाबच्या मानाने शांत गेला. पुष्कळांना वाटत होते की राज्य बदलले तरी घर बदलायचे कारण नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि ही आशा संपली. मग बोटी भरभरून माणसे मुंबईकडे आणि काठेवाडच्या बंदरांकडे निघाली. रेल्वेने आलेली माणसे मीरपूरखासवरून जोधपूरकडे उतरली. सिंध सोडून आलेल्यांची संख्या बारा लाखांच्या आसपास धरली जाते. त्यांत जमीनदार होते, अमील घराण्यांतले शिकलेले नोकरदार होते, भाईबंद व्यापारी होते, शिक्षक, हलवाई, सुतार होते.

हैदराबाद-सिंधच्या व्यापारी घराण्यातले भाई प्रताप दियालदास हे यांपैकी एक. परदेशांत पेढ्या असलेल्या सिंधी व्यापाऱ्यांना ‘सिंधवर्की’ म्हणतात. भाई प्रताप त्या परंपरेतले, आणि स्वातंत्र्य चळवळीशी जवळीक असलेले. त्यांच्या मनात एक चित्र होते. सिंधी माणसे देशभर विखुरली तर दोन पिढ्यांत त्यांची भाषा जाईल आणि पाठोपाठ त्यांचा समाज. त्यांना एकत्र राहता येईल अशी जागा हवी, आणि ती सिंधच्या शेजारी हवी. नकाशावर पाहिले की बोट आपसूक कच्छवर येते. कच्छी आणि सिंधी या बोली बहिणी-बहिणी आहेत. रणापलीकडे सिंध, अलीकडे कच्छ. शतकानुशतके गुरे, धान्य, सोयरिकी आणि संतांची भजने या रणातून ये-जा करत होती.

भाई प्रतापांनी ही कल्पना गांधीजींपुढे मांडली. गांधीजींना ती पटली आणि त्यांनी कच्छचे महाराव विजयराजजी यांच्याकडे शब्द टाकला. महारावांनी कांडला आणि अंजारच्या परिसरातली १५,००० एकर जमीन देऊ केली. ३० जानेवारीला गांधीजी गेले. फेब्रुवारीत त्यांच्या अस्थींचा काही भाग कांडल्याच्या खाडीत विसर्जित झाला, काही भागावर आदिपूरला समाधी बांधली गेली. त्याच फेब्रुवारीच्या अखेरीस महाराव विजयराजजींचेही निधन झाले. गावाचे नाव आधी सरदारगंज असे ठरले होते, ते गांधीधाम झाले. ज्यांच्या शब्दावर जमीन मिळाली आणि ज्यांनी ती दिली, ते दोघेही गावाची पहिली वीट लागण्यापूर्वीच हे जग सोडून गेले होते.

पहिले दशक : १९४८-१९५७

आचार्य जीवतराम कृपलानी कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. तेही हैदराबाद-सिंधचेच, आणि स्वातंत्र्याच्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. व्यवस्थापकीय संचालक म्हणून भाई प्रतापांनी प्रत्यक्ष कामाची धुरा घेतली. निर्वासितांसाठी काढलेली संस्था म्हटली की धर्मादाय ट्रस्ट डोळ्यांपुढे येतो. संस्थापकांनी तो मार्ग जाणून टाळला. त्यांनी भागभांडवलाची कंपनी उभी केली आणि ज्यांच्यासाठी गाव वसवायचे, त्यांनाच भागधारक केले. घर, शेत, दुकान मागे टाकून आलेल्या माणसाने उरलेल्या पैशांतून शेअर घ्यायचा आणि अजून न वसलेल्या गावाचा मालक व्हायचे, असा हा व्यवहार होता. माझ्या मते कॉर्पोरेशनची सर्वांत मोठी कामगिरी हीच. तंबूतल्या माणसाला तिने हिशेब विचारण्याचा हक्क दिला.

जमीन मात्र कठीण होती. खाडीच्या भरतीचे पाणी ज्या सपाटीवर पसरते तिथे मातीवर मिठाचा पांढरा थर येतो. बाभूळ आणि केराची झुडपे सोडली तर सावली नव्हती. विंचू आणि साप होते, उन्हाळ्यात दिवसभर धुळीचे वारे होते. गोड पाणी लांबून आणावे लागे. पाऊस कच्छच्या स्वभावाप्रमाणे येई किंवा येत नसे. सिंधू नदीच्या कालव्यांवर वाढलेल्या माणसांना हा बदल किती जड गेला असेल, याची कल्पना कोकण-देशावरच्या वाचकाने करून पाहावी. अशा जागी कॉर्पोरेशनलाच नगरपालिका, कंत्राटदार, पाणीपुरवठा खाते आणि घरमालक अशा साऱ्या भूमिका एकदम कराव्या लागल्या.

आराखड्याच्या कामात त्या वेळी भारत सरकारच्या सेवेत असलेले जर्मन वास्तुविशारद ओटो कोनिग्सबर्गर यांचा हात होता. भुवनेश्वरच्या आराखड्यामुळे त्यांचे नाव आपल्याकडे माहीत आहे. आधी आदिपूर वसले. ‘आदि’ म्हणजे पहिले. रुंद रस्ते, बसकी घरे, अंगणाला जागा, मध्ये शाळा आणि मैदान. मैत्री मंडळ या संस्थेने शाळांची जबाबदारी घेतली. आदिपूर-गांधीधामची पहिली पिढी ज्या वर्गांत शिकली, तिथे सिंधीतून शिकवणारे शिक्षक स्वतः सिंधमधली शाळा सोडून आलेले होते. या शिक्षकांची नावे कोणत्या शिलालेखावर नाहीत. गावाच्या उभारणीत त्यांचा वाटा संचालक मंडळाइतकाच मोठा आहे, अशी नोंद इथे मुद्दाम करतो.

गाव वसवायचे तर पोट कशावर भरायचे, हा खरा प्रश्न होता. शेती होणे शक्य नव्हते. उत्तर होते बंदर. कांडल्याला महाराव खेंगारजींच्या काळातच धक्का बांधला गेला होता. फाळणीत कराची गेली आणि पंजाब, राजस्थान, दिल्लीकडच्या मालाचा समुद्राकडे जाणारा जवळचा रस्ता तुटला. मुंबई बंदरावर ताण आला. कस्तुरभाई लालभाई यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पश्चिम किनाऱ्यावरच्या नव्या मोठ्या बंदरासाठी कांडल्याची शिफारस केली. जानेवारी १९५२मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली, त्याच वर्षी गांधीधाम-दीसा मीटरगेज रेल्वे सुरू झाली आणि १९५५मध्ये कांडला अधिकृतपणे प्रमुख बंदर ठरले. ज्या फाळणीने या माणसांना कराचीतून उठवले, तिनेच कराचीची जागा घेणारे बंदर त्यांच्या दाराशी आणून दिले.

तरीही पायाभरणी ते प्रत्यक्ष रोजगार हा काळ लांबला. संस्थापकांनी लाखो लोकांच्या वस्तीचे स्वप्न पाहिले होते. पण बंदर होईपर्यंत थांबणे ज्यांना परवडले नाही, ते मुंबई, उल्हासनगर, अहमदाबाद, अजमेरकडे गेले. काहींनी तिथेच दुकान थाटलेले होते, ते कच्छकडे आलेच नाहीत. कॉर्पोरेशनकडील जमिनीचे क्षेत्रही पुढे बरेच कमी झाले. या काळात धोरणाविषयी मतभेद झाले. ते ज्यांच्यात झाले त्यांनी गावाचे काम मात्र थांबू दिले नाही. २१ जुलै १९५६ रोजी जवळच्या अंजारला भूकंप झाला आणि शंभरहून अधिक माणसे गेली. पायाखालची जमीन भूकंपाचीही आहे, हे गावाला तेव्हाच कळले.

दुसरे दशक : १९५८-१९६७

आज फार थोड्यांना आठवते की १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० या काळात कच्छ आणि महाराष्ट्र एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होते. गांधीधामचे कागद मुंबईच्या सचिवालयात येत. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, पण व्यापाराचे नाते तुटले नाही. गांधीधामच्या अनेक पेढ्यांचे एक टोक मुंबईच्या बाजारात राहिले, ते आजही आहे.

१९६५मध्ये कांडल्याला मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले. आशियातले हे अशा प्रकारचे पहिले क्षेत्र मानले जाते. परदेशांत पेढ्या चालवलेल्या सिंधी व्यापाऱ्यांना आयात-निर्यातीची नाडी ठाऊक होती, त्यामुळे हे क्षेत्र त्यांना परके वाटले नाही. त्याच वर्षी कच्छच्या रणात चकमकी झाल्या आणि नंतर युद्ध पेटले. सप्टेंबरमध्ये गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे विमान कच्छच्या सुथरी गावाजवळ पाडले गेले. सरहद्द जवळ असावी म्हणून निवडलेल्या जागेची दुसरी बाजूही गावाने या वर्षी पाहिली. ज्या रणातून पूर्वी सोयरिकी होत, ते आता कायमचे बंद झाले.

१९६७ हे वर्ष गावाच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात राहते. एप्रिलमध्ये सिंधीचा घटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. प्रांत नसलेली भाषा देशाची भाषा ठरली. आणि ऑगस्टमध्ये भाई प्रताप गेले. त्यांनी पाहिलेला सिंधी प्रांत झाला नाही. गाव मात्र झाले, आणि ते चालू लागले होते.

तिसरे ते पाचवे दशक : १९६८-१९९७

या तीस वर्षांविषयी लिहिण्यासारखे नाट्य कमी आहे, कारण गाव कामात होते. ब्रॉडगेज रेल्वे आली. सत्तरच्या दशकाच्या मध्याला इफ्को या सहकारी खत संस्थेचा कारखाना कांडल्यात सुरू झाला. तेलाच्या टाक्या उभ्या राहिल्या. परदेशातून येणारे लाकूड कांडल्याला उतरू लागले आणि गांधीधामच्या परिसरात लाकडाच्या वखारी आणि सॉ-मिल यांची रांग लागली. आज देशात येणाऱ्या लाकडाचे हे सर्वांत मोठे केंद्र आहे. मीठ तर आधीपासून होतेच. सपाट खारी जमीन शेतकऱ्याला नको होती, ती मिठागरवाल्याला हवी होती.

या वाढीने गावाची माणसे बदलली. गोदीत काम करायला तमिळ, तेलुगू, मल्याळी आले. लाकडाच्या धंद्यात हरियाणा-राजस्थानचे व्यापारी आले. हमाली आणि ट्रकवर बिहार-उत्तर प्रदेशचे. कच्छी लोहाणा, भानुशाली, आहीर तर शेजारीच होते. सिंधी माणूस स्वतःच्या गावात अल्पसंख्य होत गेला. भाई प्रतापांच्या मूळ चित्राशी हे जुळत नाही, म्हणून काही ज्येष्ठांना खंत वाटते. ती समजण्यासारखी आहे. पण मला वाटते, ज्यांना कोणी परके म्हणून दारात उभे केले नसते, त्यांनीच पुढे आलेल्या प्रत्येकाला प्लॉट, दुकान आणि काम दिले, हा या गावाचा मोठेपणा आहे.

शिक्षणाची बाजू तोलाणी कुटुंबाच्या देणगीमुळे भक्कम झाली. आदिपूरची तोलाणी महाविद्यालये आज कच्छभरच्या मुलांना शिकवतात. याच नावाची संस्था मराठी वाचकाला जवळची आहे: तळेगावजवळ इंदुरी येथे जहाजांवरचे अधिकारी आणि अभियंते घडवणारे तोलाणी मेरीटाइम इन्स्टिट्यूट. शतकाच्या अखेरीस आदिपूरला भारतीय सिंधॉलॉजी संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीत सतीश रोहडा, लखमी खिलाणी यांसारख्या लेखकांचा पुढाकार होता. सिंधी अरबी लिपीत लिहायची की देवनागरीत, याविषयी समाजात दीर्घकाळ दोन मते आहेत. संस्थेच्या कामात दोन्ही लिपींना जागा मिळाली.

सहावे दशक : १९९८-२००७

९ जून १९९८ रोजी चक्रीवादळ कांडल्यावर आदळले. समुद्राचे पाणी मिठागरांवर आणि खाडीकाठच्या झोपड्यांवर चढले. हजाराहून अधिक माणसे मेली. बेपत्ता झालेल्यांचा आकडा वेगळाच. त्यांतले बहुतेक मिठागरांतले आणि गोदीतले मजूर होते, दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले. वाऱ्याचा इशारा त्यांच्यापर्यंत वेळेत पोचला नाही, आणि पोचला असता तरी जायला उंचवटा नव्हता. हे लोक ना भागधारक होते, ना प्लॉटधारक. पण बंदर आणि मीठ ज्यांच्या पाठीवर चालत होते, ते हेच. या इतिहासात संस्थापकांच्या बरोबरीने त्यांचे स्मरण झाले पाहिजे.

त्यातून गाव सावरते न सावरते, तोच २६ जानेवारी २००१ उजाडला. सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी भचाऊजवळ केंद्र असलेल्या भूकंपाने कच्छ हादरला. गुजरातभर वीस हजारांच्या आसपास माणसे गेली. अंजारला प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीतली मुले अरुंद गल्लीत गाडली गेली. गांधीधाममध्येही इमारती कोसळल्या. कांडल्याला खालची वाळू आणि पाणी एकत्र होऊन जमीन पातळ झाली, त्यामुळे बंदराच्या कार्यालयाचा मनोरा एका बाजूला कलला. सौराष्ट्राशी जोडणाऱ्या सूरजबारी पुलाला तडे गेले आणि रस्ता अडला.

गांधीधामची मोठी कसोटी या दिवसांत लागली. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांच्या आईबापांनी तंबूत दिवस काढले, ती माणसे आता स्वतः अंगणात, मैदानात, तंबूत झोपत होती. मदतीची रेल्वे आणि जहाजे मात्र याच गावावरून कच्छमध्ये शिरत होती. फाळणीची आठवण असलेले म्हातारे तेव्हा हयात होते. रांग कशी लावायची, धान्य कसे मोजायचे, कागद कसे सांभाळायचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

भूकंपानंतर केंद्र सरकारने कच्छमध्ये नव्या कारखान्यांना अबकारी करात पाच वर्षांची सूट दिली. तिचा परिणाम दूरवर झाला. पोलाद, पाइप, खाद्यतेल, कापड यांचे कारखाने जिल्ह्यात आले आणि गांधीधामच्या वाहतूकदारांना रात्रंदिवस काम मिळाले. एका आपत्तीच्या पोटी जन्मलेल्या गावाची अर्थव्यवस्था दुसऱ्या आपत्तीनंतर दुपटीने वाढली, असे सोपे विधान करायचा मोह होतो. तो टाळतो. कारखाने आले हे खरे. पण गेलेली माणसे आणि पाणी-जमिनीवर आलेला ताण हेही त्याच हिशेबात मांडावे लागते. नर्मदेचे पाणी कच्छपर्यंत पोचले, तेव्हा कुठे गावाला थोडा दिलासा मिळाला.

२००८पासून आजपर्यंत

२०१५-१६मध्ये कांडल्याने एका वर्षात दहा कोटी टन माल हाताळण्याचा टप्पा ओलांडला. देशातल्या प्रमुख बंदरांत हा मान त्याला पहिल्यांदा मिळाला. २०१७पासून बंदराचे नाव दीनदयाळ पोर्ट आहे, बोलण्यात ते कांडलाच आहे. २०११च्या जनगणनेत गांधीधामची लोकसंख्या अडीच लाखांच्या घरात होती.

कॉर्पोरेशनचे काम आता शांतपणे चालते. भाडेपट्ट्यावर दिलेल्या भूखंडांचे हस्तांतर, बांधकामाच्या परवानग्या, जुन्या नोंदी. गावाच्या इतिहासाची सर्वांत महत्त्वाची कागदपत्रे याच कपाटांत आहेत. चेटीचंड या सिंधी सणाला झुलेलाल या दैवताची मिरवणूक निघते, तेव्हा तिच्यात तमिळ ढोल असतात आणि रस्त्याकडेला सरबत वाटणारे हात अनेक प्रांतांचे असतात. सकाळी नाक्यावर दाल-पकवान खाणाऱ्यांत सिंधी बोलणारे थोडे आणि खाणारे सगळे.

१९४८च्या पहिल्या भागधारकांपैकी अनेकांची कुटुंबे पुढे मुंबई, उल्हासनगर, पिंपरी, पुण्याला गेली. त्यांच्या ट्रंकेत कॉर्पोरेशनचे जुने शेअर सर्टिफिकेट, प्लॉटचे वाटपपत्र, आदिपूरच्या शाळेतला एखादा फोटो अजून पडून असण्याचा संभव आहे. ते कागद टाकून देऊ नका. त्यांची एक प्रत आदिपूरला पाठवा, आणि घरात तो काळ आठवणारे कोणी असेल तर आजच त्यांच्याजवळ बसून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवा.